विसावा आणि चहा

शुक्रवार, २० नोव्हेंबर १९९८
मंगळवार पेठ, कोल्हापूर

डोकं फिरलंय. आज आमच्या घरात चर्चच्या मंडळीची प्रार्थना हुती. दमलेल्यांना प्रभू विसावा देतो, ह्यावर पाळकसाहेब तासभर बोलले. आणि दमलेली कोण? माझी आई. दवाखान्यात दोन पाळ्या करून आलेली, पाय सुजलेले, आणि आत सगळ्यांच्या चहासाठी उभी. दरवेळी असंच. जिच्या घरात प्रार्थना, तिलाच प्रार्थना न्हाय.

मी आत गेलो आणि धक्का लागल्यागत करून दुधाचं पातेलं कलंडवलं.

"मुडद्या, आता लोकांस्नी काय देऊ?"

"आणतो की दूध. तवर तू भाईर जाऊन बस."

बसली. मी कुठला जातोय दुधाला? दारात चपलांजवळ बसून बघत हुतो. आईनं सुजलेले पाय पोटाशी घेतले, डोळं मिटलं. झोपली न्हवती, ओठ हलत हुतं. तोंडावरचा सगळा शीण उतरला. इतकी निवांत आई मी जल्मात बघितली न्हवती. मला वाटायचं पाळकसाहेब नुसतं बोलतात. पण विसावा खरा हाय की, मी बघितला.

आमेन झालं. पाळकीणबाई हसून म्हणल्या, "काय ओ सगुणाबाई, आज चहाला सुट्टी?"

सगळी हसली. आई दचकून उठली. "न्हाय न्हाय, काळा करते की."

प्रभूनं दिल्यालं ह्यांनी कपभर चहासाठी काढून घेतलं. आणि तो चहा मीच वाटला.