वाटून घेतलेली मुले

मी, श्रीमती वासंती शरच्चंद्र दिवे, वय वर्षे ७४, निवृत्त शिक्षिका, राहणार येरवडा, पुणे, आज स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हस्ताक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझ्यावर दडपण आणणे इतके सोपे असते तर हे लिहायची वेळच आली नसती. माझा मुलगा पुष्कर पुढेमागे म्हणेल की, आईने हे रागाच्या भरात लिहिले. बरोबर आहे. रागातच लिहिले आहे. परंतु राग म्हणजे भ्रमिष्टपणा नव्हे, आणि तसे डॉ. आमोद परचुरे यांनी मला तपासून शेवटी लिहून दिले आहे. माझ्या हृदयाच्या दोन झडपा कामातून गेल्या आहेत. डोके जागेवर आहे.

सन २०१९ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व काही पुष्करला दिले होते. ते मी रद्द करत आहे.

कलम १. माझे कुटुंब. माझे पती शरच्चंद्र २०१४ साली वारले. ते कॅथलिक, मी मिशनच्या मंडळीतली प्रॉटेस्टंट. यात फरक काय, हे बाहेरच्यांना कळत नाही. शाळेतल्या सहकारी मला म्हणायच्या, "अहो दिवेबाई, दोघेही ख्रिश्चनच ना, मग अडचण कसली?" मी त्यांना विचारत असे की तुमच्याकडे भावकीत भांडणे होत नाहीत का.

आमचे लग्न १९७६ सालचे. फादरनी लग्न लावण्याआधी शरच्चंद्रांकडून कागदावर सही घेतली की होणारी सर्व मुले कॅथलिक म्हणून वाढवीन. माझे वडील तात्याराव ओहोळ मंडळीत उपदेशक होते. त्यांनी मला प्रार्थनेला बसवले आणि कबूल करून घेतले की नातवंडे मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकणार नाहीत. मग लग्नाला आलेच नाहीत. मुले अजून जन्मायची होती आणि त्यांच्या नावाने दोन ठिकाणी शब्द देऊन झाले होते. शेवटी आम्ही तोड काढली. मुलगा झाला तर बापाच्या देवळात, मुलगी झाली तर आईच्या. शेत वाटावे तशी आम्ही मुले वाटून घेतली.

१९७८ साली पुष्कर झाला, १९८१ साली ऋचा. पुष्कर फादरांच्या शाळेत गेला, ऋचा माझ्या मिशनच्या शाळेत. तो जपमाळ शिकला, ती स्तोत्रे पाठ करू लागली. दर रविवारी सकाळी आमच्या दारातून दोन जोड्या निघत आणि कोपऱ्यावर वेगवेगळ्या वाटांनी जात. पुष्करच्या पहिल्या कम्युनियनला मी शेवटच्या बाकावर पाहुण्यासारखी बसले होते. लोक म्हणत, किती समजूतदार जोडपे! मलाही तसेच वाटायचे. चौतीस वर्षे गणित शिकवले मी, पण हा भागाकार चुकला आहे हे माझ्या लक्षात आले नाही.

कलम २. माझी मुलगी ऋचा नारायण पेठेत राहते. ती आता कोणत्याच देवळात जात नाही आणि विचारले तर म्हणते, "आई, मला सुट्टी दे." तिला मी तिच्या वडिलांची हत्यारांची पेटी देत आहे. शरच्चंद्र खडकीच्या कारखान्यात फिटर होते, पण जीव होता तो देवळांत पायाने भाता मारून वाजवतात त्या पायपेट्यांमध्ये. कॅथलिकांची असो, आमची असो, पायपेटी बिघडली की त्यांच्याकडेच येई. भाता फाटला की फादर आणि पाळकसाहेब दोघेही त्यांना सारख्याच गोडीने हाक मारत. ऋचा लहानपणी त्यांच्याजवळ बसून पेटीचे सूर पुसून देत असे. तिला ती हत्यारे कशाची आहेत हे सांगावे लागणार नाही. माझ्या दोन साखळ्याही तिलाच.

कलम ३. माझी सून रुपाली हिला माझ्या पाटल्या, शिवणाचे यंत्र आणि माझी क्षमायाचना. मी तिला सोळा वर्षे मेषपात्र म्हणत आले. नवऱ्यापुढे ती तोंड उघडत नाही, कारण तिला तसे शिकवले आहे. पण गेल्या जुलैत ती बसने माझ्याकडे आली आणि भाजीच्या पिशवीतून मेथीखालून माझ्या नातीची दहावीची सगळी पुस्तके काढून टेबलावर ठेवली. म्हणाली, "आई, ह्यांनी रद्दीत घातली होती. तुमच्याकडे असू देत." चहासुद्धा न घेता परत गेली. तिला मी ओळखले नाही, हा माझा दोष.

कलम ४. पुष्करने काय केले ते येथे लिहून ठेवणे भाग आहे, कारण पुढच्या कलमाचे कारण तेच आहे.

सहा वर्षांपूर्वी पुष्करने फादरांचे देऊळ सोडले. माझ्याकडे आला असता तर समजले असते. तो गेला मांजरी गावाला, हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरणाऱ्या एका संगतीत, म्हणजे नव्या प्रार्थनामंडळात. तिथे ब्रदर सुदर्शन म्हणून एक गृहस्थ आहेत, आधी विमा विकायचे. त्यांचे म्हणणे असे की लहानपणचा बाप्तिस्मा खोटा, फादर खोटे, आमचे पाळकही खोटे, आणि सरकारी अभ्यासक्रम तर सैतानाचाच. माझी नात सृष्टी, पुष्करची एकुलती एक मुलगी, नववीत गणितात शंभरापैकी एक्क्याण्णव मिळवून पास झाली. जून महिन्यात पुष्करने तिचा शाळा सोडल्याचा दाखला काढून आणला आणि तिला त्या हॉलमध्ये बसवले.

मी विचारायला गेले. तो म्हणाला, "आई, शाळा जगाची आहे. आमची मुलं जगाची नाहीत."

"मग कुठली आहेत? मंगळावरची?" मी म्हणाले.

तो हसला नाही. पूर्वी हसायचा.

त्या हॉलमध्ये एकाच टेबलाभोवती सहा वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतची अकरा मुले बसली होती. ब्रदर सुदर्शन फळ्यावर नोहाच्या तारवाचे घनफळ काढत होते. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. उत्तर लिहिले पंचेचाळीस हजार. मी मागून म्हणाले, "ब्रदर, एक शून्य खाल्लंत. तुमच्या तारवात दहातले नऊ प्राणी बुडाले." मुले हसली. सृष्टी खाली मान घालून बसली होती, पण तिने वहीत शून्य वाढवलेले मला दिसले. ब्रदर म्हणाले, "आजी, मुलींना घर चालवण्यापुरतं गणित आलं तरी पुष्कळ." त्या माणसाला मी क्षमा केलेली नाही आणि करणारही नाही. माझ्या अंत्यविधीला तो आला तर त्याला चहा द्यावा आणि वाटेला लावावे.

शाळा सुटली तरी दहावी सुटत नाही. बाहेरून बसता येते, त्याला सतरा नंबरचा फॉर्म लागतो. मी तो भरला. पण त्याला मूळ दाखला हवा आणि पालकाची सही. दोन्ही पुष्करकडे.

कलम ५. येरवड्याचा माझा फ्लॅट, बँकेतील सर्व ठेवी, माझी पुस्तके आणि फळ्यावरचा लाकडी कंपास सृष्टी पुष्कर दिवे हिला. ती अठरा वर्षांची होईपर्यंत ॲडव्होकेट धम्मदीप कांबळे यांनी व्यवस्थापक म्हणून सांभाळ करावा. ठेवींचे व्याज फक्त तिच्या शिक्षणावर खर्च व्हावे. तिला व रुपालीला या घरात राहण्याचा हक्क राहील. पुष्करला राहायचे असेल तर त्याने सृष्टीला विचारावे.

पहिल्या मसुद्यात मी एक अट घातली होती. सृष्टीने मिशनच्या मंडळीत सर्वांपुढे श्रद्धा कबूल करून दृढीकरण घेतले तरच फ्लॅट तिचा. माझ्या दुखण्यात सोबतीला म्हणून नोव्हेंबरपासून ती माझ्याकडेच राहते, त्यामुळे तो कागद तिच्या हाती पडला. ती म्हणाली, "आजी, पप्पा तुला म्हणाले पाण्यात उतर, मग शाळा. तू म्हणतेस चर्चमध्ये उभी राहा, मग घर. सेम टू सेमच आहे ना?" मला इतका संताप आला की मी तिला खोलीतून बाहेर जायला सांगितले. तासाभराने मी ती अट स्वतः खोडली. तिला कोणत्या देवळात जायचे ते तिने ठरवावे, कोणत्याच नसेल तर तेही.

कलम ६. बाप्तिस्म्याबाबत खुलासा. संगतीच्या वहीत माझे नाव लिहिले गेले आहे, म्हणून हे स्पष्ट करते.

सप्टेंबरमध्ये फॉर्मची मुदत संपत आली. पुष्कर घरी येऊन म्हणाला, "आई, तुझं तारण झालेलं नाही. तू तान्ही असताना कपाळाला पाणी लावलं, ते धरलं जात नाही. तू हौदात उतर. त्याच दिवशी मी सही करतो."

मी तीस वर्षे आमच्या मंडळीत दृढीकरणाचा वर्ग घेतला आहे. बाप्तिस्मा एकदाच, दुसऱ्यांदा घेणे म्हणजे पहिला नाकारणे, हे मी दीडदोनशे मुलांकडून घोकून घेतले. आणि मी उतरले. मांजरीला उसाच्या मळ्यातल्या हौदात, कोणाचातरी पांढरा झगा घालून, डॉक्टरांनी नको म्हटलेले असताना. एका बाजूने ब्रदर सुदर्शन, दुसऱ्या बाजूने पुष्कर. पाण्याखाली मी प्रार्थना केली नाही. दाखला कपाटाच्या कोणत्या खणात असेल याचा विचार करत होते. देवाला ते समजले असेल. वहीतली नोंद कोणी धर्मांतर समजू नये.

वर आले तेव्हा पुष्कर रडत होता. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, कंबरभर पाण्यात. म्हणाला, "आई, आता तरी माझ्या बाकावर बसशील ना?"

मग मला आठवले. तो नऊ वर्षांचा होता. एका रविवारी फादरांची मिस्सा, म्हणजे तिकडची उपासना, अर्धी टाकून तो पळत आमच्या देवळात आला, उपदेश चालू असताना. माझ्या शेजारी ऋचा होती आणि तिच्या पलीकडे जागा रिकामी होती. त्याने बोटाने ती जागा दाखवली. सगळी मंडळी वळून बघत होती. मी उठले, त्याचा हात धरून पायरीपर्यंत नेले आणि म्हणाले, "पुष्कर, तुझी जागा तिकडे आहे." तो एकटा परत गेला. पुन्हा कधी आला नाही. मी हे विसरून गेले होते.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसे आम्ही त्याचे केले. तरीही माझा राग गेलेला नाही. नऊ वर्षांच्या पोराशी मी दुष्टपणा केला. त्याचे उट्टे पंधरा वर्षांच्या पोरीवर काढायचे नसते. त्याला जवळचा बाक हवा होता, तर आईकडे मागायचा. मुलीची शाळा कशाला ओलीस धरायची?

पुष्करने त्याच संध्याकाळी सही केली आणि दाखला दिला. शब्द पाळला, हे नमूद करते. परंतु नाताळात तो म्हणाला, "सही केली आई, पण परीक्षेला पाठवीन असं कुठे म्हटलं होतं?" हे पोर माझ्याच पोटचे, हिशेबात कुठे फट आहे ते त्याला बरोबर सापडते.

कलम ७. पुष्करला मी घर, ठेव, वस्तू यांपैकी काही देत नाही. त्याला मी फक्त एक काम देते, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ८. अंत्यविधी. शरच्चंद्र कॅथलिक दफनभूमीत आहेत, माझे वडील मिशनच्या. ज्यांच्याकडे जागा आधी मिळेल तिथे मला पुरावे. उपदेश करू नये. प्रार्थना लहान असावी. पुष्कर आणि ऋचा यांनी एका बाकावर बसावे.

दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे आणि डॉ. परचुरे माझ्या बाबतीत तारखा सांगायला तयार नाहीत. त्या दिवसांत मी गेले, तर माझ्यासाठी सृष्टीचा एकही पेपर बुडू नये. पहाटे गेले असेन तर माझ्या खोलीचे दार लोटून घ्यावे. शेजारच्या दुर्गाबाई मस्के यांना मी सांगून ठेवले आहे. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमी काळजी करू नका, म्या तिला डबा देते अन् सांगते आजी निजली हाय." हे खोटे आहे. त्याचा जाब मी वर जाऊन देईन. प्रेत तोवर थांबेल, प्रेताला घाई नसते.

परीक्षाकेंद्रावर तिला पुष्करने न्यावे. त्यानेच. मी गेल्याचे माहीत असताना, तोंड धुऊन, नेहमीच्या चेहऱ्याने. पेन्सिल, पट्टी, प्रवेशपत्र तपासावे. अकरा ते दोन फाटकाबाहेर उभे राहावे. ती बाहेर आली की आधी पेपर कसा गेला ते विचारावे, आणि तिचे सांगून पुरते झाल्यावर मग माझे सांगावे.

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे, पुन्हा वाचला आहे आणि खोडाखोडीच्या जागी आद्याक्षरे केली आहेत. साक्षीदारांपुढे मी सही केली, आणि माझ्यापुढे त्यांनी.

(सही) वासंती शरच्चंद्र दिवे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. आमोद परचुरे, येरवडा. श्रीमती दिवे यांना मी आज तपासले. त्या पूर्ण शुद्धीत व समजून-उमजून सही करत आहेत.
२. (सही) दुर्गाबाई मस्के, येरवडा.

स्थळ: पुणे
दिनांक: १९ जानेवारी २०२६