चाक पुन्हा उजवीकडे मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
चित्र एकसूत्रता विभाग,
ऑनलाइन सार्वजनिक ज्ञानकोश कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : ‘शिलाई मशीन’ या लेखातील उलटे केलेले चित्र सुलटे करण्याबाबत, तसेच मूळ चित्र महिनाअखेरीस पुसले जाऊ नये याबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक ‘सर्व चित्रांची तोंडे मजकुराकडे’.
२) अर्जदाराचे याआधीचे चार अर्ज. पोच चारही अर्जांची मिळाली, उत्तर एकाचेही नाही.

महोदय,

१. अर्जदार शिलाई मशीन दुरुस्त करतो. दुकान जिन्याखाली आहे आणि त्याला लागूनच्या खोलीत, खिडकीपाशी, अर्जदाराच्या पत्नीने एकतीस वर्षे लोकांचे कपडे शिवले. सहा वर्षांपूर्वी भाच्याने तिच्या डाव्या खांद्यामागून एक फोटो काढला. उजवा हात चाकावर, डावा कापडावर, आणि चेहरा अर्धाच दिसतो. दोरा तिसऱ्यांदा तुटल्यामुळे तो चेहरा रागावलेला आहे. भाच्याने हा फोटो आपल्या ज्ञानकोशाला दिला. अर्जदाराच्या घरात एकमेकांचे कौतुक करायची सवय नाही. तरीही त्या दिवशी अर्जदार पत्नीला म्हणाला होता, “तू कोशात गेलीस. आणि कोश कधी चुकत नाही.” हे वाक्य पुढे अर्जदाराच्याच अंगाशी आले.

२. आपल्या विभागाने ठरवले की कोशातील सर्व लेखांत चित्रे एकसारखी असावीत. चित्र पानाच्या उजव्या कडेला आणि त्याचे तोंड मजकुराकडे. पत्नीचे तोंड पानाबाहेर होते, म्हणून फोटो आरशातल्यासारखा उलटा केला. उलटा केल्यावर मशीनवरची अक्षरेही उलटी दिसू लागली, म्हणून ती पुसट केली. ‘हातोडी’ आणि ‘गिरमिट’ या लेखांत कोणाचा चेहरा नाही, मग इथेच का, म्हणून पत्नीला गळ्यापासून कापले. चित्राखालची ओळ मात्र ‘उजवा हात चाकावर’ असेच सांगत होती, अशी अर्जदाराने तक्रार केली तेव्हा ओळ बदलली, ‘शिलाई मशीन चालवणारी डावखुरी व्यक्ती’. शेवटी मजकूर आणि चित्र यांत विसंगती नको म्हणून मजकूरही बदलला. आज आपला कोश सांगतो की शिलाई मशीनचे चाक डावीकडे असते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

३. अर्जदाराने एकोणतीस वर्षांत हजारो मशीन उघडली. एकाचेही चाक डावीकडे नव्हते. असे असताना गेल्या महिन्यात एक निवृत्त मास्तर स्वतःचे मशीन घेऊन दुकानात आले आणि अर्जदाराने चाक चुकीच्या बाजूला बसवले म्हणून पाऊण तास भांडले. पुरावा म्हणून त्यांनी आपला लेख दाखवला. अर्जदाराला आपल्याच बायकोच्या फोटोसमोर खोटे पडावे लागले. अर्जदार हे सोडून देईल. गिऱ्हाईक येते आणि जाते.

४. जे सोडून देता येत नाही ते असे. सात महिन्यांपूर्वी पत्नीला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, आणि आठवणींचा आणि डाव्या-उजव्याचा गोंधळ झाला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितले की रोज तो फोटो बघायचा आणि त्यात हात जिथे आहे तिथे आपला हात न्यायचा. भाच्याचा फोन बादलीत पडून बिघडला, त्यामुळे हा फोटो आता फक्त आपल्याकडे आहे. अकराव्या आठवड्यात उजवा हात चाकापर्यंत पोचला. सोळाव्या आठवड्यात चाक अर्धे फिरले. त्या दिवशी बाईंनी आणि अर्जदाराने दुकान बंद करून चहा घेतला.

त्यानंतर आपले परिपत्रक लागू झाले. सकाळी पत्नीने फोटो उघडला, मग मशीनकडे पाहिले आणि म्हणाली, “हे मशीन माझं नाही. माझ्या मशीनचं चाक डावीकडे होतं.” अर्जदाराने समजावले, शेजारणीने समजावले. पुढे मजकूरही बदलल्यावर पत्नीने लेखच वाचून दाखवला. मग उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. “म्हणजे हा हात कधी कामाचा नव्हताच,” ती म्हणाली. तो हात नऊ आठवडे मांडीवरून हललेला नाही. कोश कधी चुकत नाही हे तिला कोणी सांगितले होते ते वर आलेच आहे.

५. अर्जदार आपल्या कार्यालयात तीन वेळा आला. दोन नंबरच्या खिडकीवरील कारकुनांनी सांगितले की मूळ चित्र फक्त अधिकाऱ्यांना दिसते, ते आता ‘अनावश्यक जुनी प्रत’ ठरले असून महिनाअखेरीस कायमचे पुसले जाईल. उपाय विचारला तेव्हा ते म्हणाले, “काका, आरशात धरून बघा ना.” हातच्या काकणाला आरसा कशाला, हे अर्जदाराने लहानपणापासून ऐकले होते. हातालाच आरसा लागेल हे त्याला ठाऊक नव्हते. तरीही अर्जदाराने घरी जाऊन आरसा धरला. आरशात मशीन सुलटे दिसले, पण चालवणारीला डोके नव्हते, आणि मागे पत्नी स्वतः दिसत होती. तिने डोळे मिटून घेतले. अर्जदार इथे रागावलेला आहे, याची नोंद घ्यावी. कारकुनांवर नाही. ज्याने हे परिपत्रक काढले आणि एकदाही शिलाई मशीनसमोर बसून पाहिले नाही, त्याच्यावर.

६. सबब, अर्जदाराची मागणी एवढीच की मूळ चित्र चेहऱ्यासह, अक्षरांसह, उजवीकडच्या चाकासह परत लावावे. पानाची शोभा बिघडत असेल तर बिघडू द्यावी. लावायचे नसेल तर पुसण्याआधी अर्जदाराला द्यावे. तो रोज सकाळी दहाला खिडकीसमोर उभा राहील आणि महिनाअखेरपर्यंत हटणार नाही.

७. हा अर्ज इथपर्यंत लिहून काल पत्नीला वाचून दाखवला. कलम दोन ऐकताना तिचा चेहरा मूळ फोटोत आहे तसा झाला. “मला गळ्यापासून कापलं?” तिने विचारले. मग म्हणाली, “इकडे द्या. माझीपण सही हवी.” आणि पेन घेतले. कोणत्या हाताने घेतले हे तिच्या लक्षात आले नाही. अर्जदार कागद धरून बसला.

अजूनही आपला नम्र,
शिलाई मशीन दुरुस्त करणारा
(जिन्याखालचे दुकान)
दिनांक : पंचवीस. महिना संपायला पाच दिवस आहेत.

सोबत :
१) चार अर्जांच्या पोचपावत्या.
२) व्यायामाच्या बाईंची वही, आठवडा एक ते सोळा. पुढची पाने कोरी आहेत.
३) अर्जदाराच्या पत्नीची सही, उजव्या हाताची. सही वाकडी आहे आणि ओळ सोडून खाली गेली आहे. ती सरळ करू नये, उलटी करू नये, कापू नये.