जोशीकाकांची सतरा सप्टेंबर

रवि. ६ सप्टें.
जोशीकाका आले. "सतराला शिकागोत माझी सिटिझनशिपची शपथ. हायवेवर मला आता ड्राइव्ह होत नाही. तू ने." मी हो म्हणालो. आईने किचनमधून नुसतं पाहिलं.
सतरालाच मला एकवीस पूर्ण. त्या दिवसापासून बाबांच्या व्हिसावर मी नाही. गाडीचं लायसन्सही सोळा तारखेपर्यंतच. स्टुडंट व्हिसाचा अर्ज मार्चपासून पडून आहे. इथल्या मराठी मंडळात कोणाला कळू द्यायचं नाही, असं घरी ठरलंय. मग काकांना नाही कसं म्हणणार?

मंगळ. ८
काकांना शपथेनंतर जेवणाच्या वेळी भाषण करायचंय. सतरा सप्टेंबरला अमेरिकेत काय काय झालं, ते मी शोधायचं.
१७८७ – राज्यघटनेवर सह्या. सगळा उन्हाळा खिडक्या बंद करून बसले, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. तरी शेवटी तिघांनी सही केलीच नाही.
१८६२ – यादवी युद्ध. इथल्या इतिहासातला सर्वांत रक्तरंजित दिवस.
१९०८ – विमान कोसळलं. पायलट वाचला, शेजारचा प्रवासी गेला.
१९७६ – पहिलं स्पेस शटल लोकांना दाखवलं.
शुद्धलेखन दोनदा तपासलं.

गुरु. १०
व्हिसाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंचा फोन. उत्तर येईपर्यंत घरी राहायला हरकत नाही. पण सतरापासून वर्गात बसायचं नाही. देश सोडला तर अर्ज रद्द. म्हणजे जायचं नाही, आणि इथे राहून…
अर्धवट सोडलेलं कॉलेज आत्ता ऑगस्टमध्ये पुन्हा धरलं होतं.

शनि. १२
काकांकडे.
"मेलेली माणसं जेवताना नकोत. युद्ध काढ, विमान काढ. हे शटल कुठे गेलं?"
"कुठेच नाही, काका. हवेत सोडून परत उतरवायचे. अंतराळात पाठवलंच नाही."
"मग तेही काढ! उरलं काय?"
"सह्या."
"उत्तम. जेवण गार होणार नाही."
काकूंना भारतात परत जायचं होतं, म्हणून काका इतकी वर्षं सिटिझनशिप न घेता ग्रीन कार्डावरच राहिले. आता काकू नाहीत.
लायसन्सचं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी चहा पुढे केला. राहिलं.

सोम. १४
गणपती बसले. आई म्हणाली, "तिथीने तुझा वाढदिवस अनंत चतुर्दशीला. तोपर्यंत तू वीसच वर्षांचा."
बाबा: "व्हिसावाल्यांकडे पंचांग नसतं गं."
औक्षण तिथीलाच करणार म्हणे.

बुध. १६
काकांना फोन केला. सगळं सांगून टाकलं.
"गाढवा, आधी बोलायचं ना! आई चालवेल का गाडी?"
चालवेल. पण रागावली आहे. "आता आरतीला आलेला प्रत्येक जण तुझ्या व्हिसाचं विचारेल."
गणिताच्या वर्गात नोट्स नेहमीसारख्याच काढल्या.

गुरु. १७
पोर्टलवर तेच. 'अर्ज विचाराधीन'.
हॉलमध्ये पाहुणे मागच्या बाजूला. एकेका देशाचं नाव घेतात, त्या देशाचे लोक उभे राहतात. इंडिया म्हटलं. काका उठले. मीही उठलो. आईने शर्ट ओढला. "अरे, तू नाही."
जेवताना कोणीतरी विचारलं, "आता तुझा नंबर कधी?" काका म्हणाले, "त्याला आधी जेवू दे."
उद्या सकाळी गणिताचा वर्ग. अलार्म लावलेलाच आहे, बंद करायला हवा.