न भाजलेली मुंडी

माळवाडी, ता. सांगोला
४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रियंका हिस,
तानाबाईचा आशीर्वाद. वि. वि.

फोन करत न्हाय, लिहिते हाय. फोन केला की तुझं मामा शेजारीच बसल्यालं आसत्यात आणि तू हूं हूं करून ठेवून देतीस. कागदावर तरी सगळं ऐकून घे.

तुझ्या नवऱ्यानं, सिदूनं काल कामावरनं फोन करून सांगितलं, मामा चार दिस झालं कोरडी भाकरी खात्यात, मटणाच्या ताटाला हात लावत न्हाईत. ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. खुबा मोडला म्हणून तुमच्याकडं ठेवल्यालं माणूस हाय ते. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरनं माझ्या म्होरं सांगितलं, पायाचा रस्सा, मासं, अंडी पोटात गेली तरच ताकद येईल, आणि ह्या महिन्यात उभं राहिलं न्हाईत तर मग जलमभर खाटंवर. तू बी तितंच हुतीस की. मग काय वाढतीस त्यास्नी? बर्फातलं, का पिशवीत पॅक क्येल्यालं?

माझ्या भावाची लेक तू. शेळ्यांच्या घरात जलमलीस, शेळ्यांच्याच माझ्या घरात सून म्हणून आलीस, आणि चांगलं मटण हुडकता येत न्हाय तुला? सात वाजायच्या आत खाटकाकडं जायचं. मांडी बघायची, गुलाबी पायजे. बोटानं दाबायची, पाणी सुटलं तर तितनं हलायचं. दात बघायचं, दोन दाती, म्हंजे कवळा बोकड असला तरच घ्यायचा. मुंडी बघितल्याबिगर एक तुकडा घ्यायचा न्हाय, आणि आपल्या डोळ्यांम्होरं तोडून घ्यायचं.

हिकडं शेळ्या बऱ्या हायत, तसं त्यास्नी सांग. राग आला तर येऊ दे, पण आत्यावरची माया हाय तेवढी राहू दे.

तुझी आत्या,
तानाबाई

* * *

जुळे सोलापूर
९ नोव्हेंबर २०२४

ती. आत्याबाई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं आणि डोकंच फिरलं. नऊ वाजता मला युनिफॉर्मच्या कारखान्यात हजर व्हावं लागतं. त्याआधी सहाला उठून मी खाटीक धुंडाळत फिरते, आणि वर हे ऐकून घ्यायचं?

तुम्ही सांगितलेलं सगळं मला येतं. येतं म्हणूनच रोज भांडणं होतात. कॉलनीच्या कोपऱ्यावरचा खाटीक बोकड म्हणून म्हातारी मेंढी गळ्यात मारत होता. मी दात दाखव म्हटलं तर मलाच विचारतो, तुम्ही दातांच्या डॉक्टर का. दुसरा होटगी रोडचा. तो दर्शनी देखणा बोकड टांगतो आणि वजन करताना मागच्या टबातलं घालतो. मी तो टब त्याच्याच ओट्यावर उपडा करायला लावला. कालचं, परवाचं, वजरीचे तुकडे, सगळं निघालं. माणसं गोळा झाली. तुमचे चिरंजीव तेवढ्यात रस्त्यापलीकडं जाऊन स्कूटरला टेकून उभे राहिले, जणू मला ओळखतच नाहीत.

प्रामाणिक एकच भेटली, मासेवाली सावित्रम्मा. उजनीची जिवंत मरळ टबात ठेवते. कटला मागितला तर म्हणाली, तो कालचा आहे, नेऊ नको, उद्या ये. मी मरळ आणली, कांदा-खोबरं वाटून रस्सा केला. मामांनी ताटाकडं बघितलं आणि म्हणाले, माशाला कान नसतात, ह्याचं मी काय करू. मला वाटलं ताप डोक्यात गेला.

खरी गंमत पुढंच आहे. तिसऱ्या खाटकाकडं मटण चांगलं होतं, दोन दाती बोकड. तर मामांचा हट्ट, आधी मुंडी आण, तीही न भाजलेली, केसांसकट. इथं सगळे आधी मुंडी भाजूनच ठेवतात. सिदूनं हाता-पाया पडून एक मिळवली. मामांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, डावा कान उलटा करून बघितला आणि म्हणाले, ह्यो न्हवं, दुसऱ्या दुकानात जा. असं तीनदा झालं. मटण आम्ही दोघांनी खाल्लं आणि मामा कोरड्या भाकरीवर. आत्याबाई, हे खूळ तुम्ही त्यांच्या डोक्यात घातलंय का? मुंडी बघा, मुंडी बघा म्हणून?

ते रोज विचारतात, हा खाटीक जनावरं कुठल्या बाजारातून आणतो. मी कुठून सांगू?

चिडून लिहिलंय, चिडूनच वाचा. फक्त माया पातळ करू नका.

तुमची,
प्रियंका

* * *

माळवाडी
१३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रियंका हिस,
आशीर्वाद. वि. वि.

कागद मिळाला. आता नीट ऐक. त्यास्नी मुंडी दाखवायची न्हाय. मी काय लिहिलं हुतं ते इसर. मुंडी संपली म्हणायचं, खाटकानं इकली म्हणायचं. नुसतं बिनहाडाचं तुकडं आण, न्हायतर खिमा आण. सावित्रम्माकडची मासळीच घाल रोज. खात न्हाईत म्हंजे काय, तोंडात घाल.

कुठल्या बाजाराचं ते सांगायचं न्हाय. मोहोळचं म्हण, बार्शीचं म्हण. सांगोल्याचं नाव काढायचं न्हाय.

का म्हणून इचारू नगंस. मोठ्या माणसाला का म्हणून इचारायची रीत आपल्यात न्हाय, तुझ्या बापानं बी मला कवा इचारलं न्हाय. शेळ्या बऱ्या हायत.

रागं भरली तरी तुझीच हाय, तशीच धर.

तानाबाई

* * *

जुळे सोलापूर
२२ नोव्हेंबर २०२४

ती. आत्याबाई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचा कागद यायच्या आधीच जे व्हायचं ते सुरू झालं होतं. तुम्ही का म्हणून विचारू नको म्हणता, पण मी विचारणारच.

विजापूर वेशीच्या बाजूला आम्हाला कोंडीबा नावाचे खाटीक सापडले. साठीचे असतील. त्यांच्या दुकानात टब नाही, बर्फ नाही. बोकड टांगलेला असतो, मुंडी शेजारी, न भाजलेली. दात त्यांनीच उघडून दाखवले. मी विचारलं नाही तरी सांगितलं की रविवारी सांगोल्याच्या बाजारातून सात बोकड आणलेत, एकाच घरचे, माळावर चरलेले. मला इतका आनंद झाला की खांदा, पाया आणि मुंडी घेऊन मी रिक्षानं घरी आले.

मामांनी मुंडी मांडीवर घेतली. डाव्या कानाला दोन खाचा होत्या आणि खाली एक चीर. त्यावरून ते बराच वेळ बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "प्रियंका, ह्यो आपला कान हाय. ह्या खुणंच्या खाचा मीच पाडल्यात."

मग त्यांनीच सांगितलं. संध्याकाळी तुमचा फोन यायचा तेव्हा मागं शेळ्या ओरडल्याचं ऐकू यायचं. महिन्याभरात ते कमी कमी होत गेलं आणि एक दिवस जेमतेम दोन-चार आवाज उरले. मग तुम्ही फोनच बंद केला. तेव्हापासून हे माणूस सोलापुरातल्या प्रत्येक दुकानात आपला कळप शोधत होतं, आणि मी आपली मटणवाल्यांशी भांडत होते.

मी मुंडी उचलायला लागले तर म्हणाले, रस्सा कर. मी केला. रस्सा पिऊन, पाया चोखून दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी. दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं, तिसऱ्या दिवशीही तेच. काल वॉकर धरून उभे राहिले आणि दारापर्यंत गेले. डॉक्टर खूश झाले, मला मात्र रडू आलं.

आत्याबाई, इतके दिवस तुम्ही मला शेळ्या बऱ्या आहेत असं सांगत होता आणि मी ते त्यांच्या तोंडावर सांगत होते. मला खोटं पाडलंत तुम्ही. कशासाठी विकल्या? दवाखाना सरकारी योजनेत बसला होता, कुणाचं काही द्यायचं नव्हतं. इथून पुढं खोटं सांगायचं असेल तर मला पत्र पाठवू नका.

तरी लोभाला कात्री लावू नका, तेवढंच मागते.

प्रियंका

* * *

माळवाडी
२६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रियंका हिस,
आशीर्वाद. वि. वि.

खाल्लं त्यांनी? कळून सवरून खाल्लं? अगं, चाळीस वर्सं झाली माझ्या लग्नाला, आपल्या हातानं चारल्यालं जनावर त्या माणसानं तोंडात घातलं न्हाय. बिरोबाच्या जत्रंला घरचं बोकड पडलं की ह्यो भाऊबंदांस्नी वाढायचा आणि सोता कांदा-भाकर घिऊन माळाला जायाचा. त्याच्या बापाचं बी तसंच. आणि आता पाया चोखतोय? माझ्यावर राग काढायला खाल्लं असंल, दुसरं काय.

तर ऐक. व्हय, इकल्या. सगळ्या इकल्या. चार रविवार बाजारात उभी राहिले आणि शेवटाला ती सात बोकडं दिली. शेळ्या कोंडायचं वाडगं मोकळं पडलंय. पैशासाठनं न्हाय इकल्या.

दसऱ्याच्या आधी शेळ्यांमागं माळाच्या उतारावरनं त्यो वगळीत, खोल घळीत पडला तवा बारा वाजल्यापासनं दिवस मावळंस्तवर तितंच हुता. मी हुडकत हुडकत ग्येले. पाय वाकडा, व्हट फुटल्यालं. मी वाकले तर मला काय इचारावं? करडं घरला आली का. मी आली का न्हाय, आपला पाय हाय का न्हाय, त्याचं कायबी न्हाय. चाळीस वर्सं माझ्याकडं एकदा नीट बघितलं न्हाय, शेळीचं पोट फुगलं तर रात रात बसायचा. गाडीत घातला तवाच मी ठरवलं. शेळ्या राहिल्या तर बरा हून ह्यो परत काठी घिऊन त्याच उतारावर जाणार, आणि पुढच्या बारीला मला हुडकायला मयतच घावणार.

दाखव त्यास्नी ह्यो कागद. मी भित न्हाय. जन्मभर बोलला न्हाय तरी चालंल, जिता पायजे.

तुला खोटं पाडलं ते चुकलं माझं. त्यापायी माया आटवू नगंस.

तानाबाई

* * *

जुळे सोलापूर
२९ नोव्हेंबर २०२४

सौ. तानाबाई हिस,
जोतिरामाचा आशीर्वाद. वि. वि.

तुझा कागद प्रियंकानं वाचून दाखवला. मग मी सोता दोनदा वाचला. ह्यो कागद सांगोल्याच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतोय, म्हंजे उद्या तुझ्या हातात पडंल.

राग किती आलाय ते सांगत न्हाय, कागद पुरायचा न्हाय. शेळ्या तू राखल्यास तेवढ्याच मी राखल्या, तुला इकायचा हक्क हाय. पण मला इचारायचं. पाय मोडला हुता, तोंड न्हवतं मोडलं. एका बाईनं चार रविवार बाजारात उभं राहून आपल्या हातानं दावी सोडून दिली आणि फोनवर बऱ्या हायत म्हणाली. कसं जमलं तुला?

खाल्लं ते राग काढायला न्हाय. डॉक्टर म्हणाला हुता, खाल्लं न्हाय तर उभं राहणार न्हाय. बाजारचं पुढ्यात आलं की मला वाटायचं, ह्यो कुणाचा तरी असंल, माझा कुटं असंल. घास उतरायचा न्हाय. कान बघितला तवा कळलं की आता हुडकायचं राह्यलं न्हाय. आणि उभं तर राहायचं हुतं, तुझ्या म्होरं येऊन इचारायचं हुतं. मग खाल्लं. प्रत्येक घासाला त्या बोकडाला हात जोडलं. बाबाचा नेम मोडला, त्याचं पाप माझ्या डोक्यावर, तुझ्या न्हाय.

परवा रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. प्रियंका संगट हाय, वॉकर हाय. घरी न येता सांगोल्याच्या बाजारातच उतरणार. दोन पाटी, कवळ्या शेळ्या घ्यायच्या हायत. तू यायचंस. दात मी बघीन, दावं तू धरशील. उतारावर जाणार न्हाय, घराम्होरल्या लिंबाखाली बांधून चारीन, त्येवढी आण तुझी घेतो. पण मोकळ्या वाडग्यात मी निजणार न्हाय.

आणि वगळीतलं एक तू लिहिलंस, त्याचं सांगतो. बारा वाजल्यापासनं मी तुझ्याच नावानं वरडत हुतो. घसा बसंस्तवर वरडलो. तू आलीस तवा माझा पाय गेला हे मला दिसत हुतं आणि तू माझ्या म्होरं हुतीस. इचारायचं राह्यलं हुतं ते करडांचंच.

रविवारी राग घिऊनच येतोय, तू बी तुझा घिऊन ये.

जोतिराम