समेवरचा हात

१२ जानेवारी २०२५, रविवार

चुकले! आज हे चुकले!

गाणारा मुलगा लातूरचा. कोवळा आवाज, पण तयारी चांगली. हे नेहमीसारखे त्याच्या अगदी समोर बसलेले. मुलानं तान घेतली, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमका येऊन बसला — आणि हे गप्प! सम येऊन गेली, तबला पुढं सरकला, आणि मग यांचं मोठ्यानं "वा!" पाठोपाठ अख्खी खोली, "वा! वा!" आमच्याकडं यांच्या आधी कुणी दाद देत नाही. तसा नियम कुणी केला नाही, पण पडून गेलाय. घाटनांदूरसारख्या गावात, आमच्या घरच्या बैठकीला, माइकशिवाय गाणं ऐकायला माणसं येतात ती यांच्या कानाच्या भरवशावर.

मुलगा गोंधळला. जमीलभाईंनी तबल्यावरून मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी पदर सावरत चहा बघायला उठले.

१३ जानेवारी

कुकर शिट्ट्या देऊन देऊन थकला. हे शेजारीच मेथी निवडत बसलेले. मी अंगणातून पळत आले तर विचारतात, "कुकर लावलास का गं?"

संध्याकाळी शेजारची छबुबाई दारात. "गुर्जी रस्त्यानं चालले व्हते. किती हाका मारल्या, वळून बी बघितलं न्हाई. राग हाय का आमच्यावर?"

राग नाही गं बाई. राग असता तर बरं झालं असतं.

१९ जानेवारी

कानाच्या डॉक्टरचा विषय काढला. ताटावरून उठले! "मला सगळं ऐकू येतंय. तूच हल्ली पुटपुटतेस."

हात धुऊन परत आले आणि म्हणाले, "ज्या दिवशी मला सम कळणार नाही, त्या दिवशी ही बैठक बंद."

बंद! आणि मी? महिन्यातला दुसरा रविवार सोडला तर माझ्या वाट्याला आहे काय — भांडी, वाळवणं, पुण्याहून लेकाचा घाईघाईत येणारा फोन. ते गाणं यांच्या एकट्याचं नाही. माझंही आहे. स्वयंपाकघराच्या दारात बसून ऐकलं म्हणून काय झालं?

२६ जानेवारी

पुढच्या बैठकीला अभिमन्यूबुवा येणार. नांदेडहून. यांनी कधीचं बोलावून ठेवलं होतं, नेमकं आत्ताच जमायचं होतं!

बुवा गातात सुरेख, पण स्वभाव तिखट. चुकीच्या जागी दाद आली की गाणं थांबवून विचारतात, "काय आवडलं हो एवढं?" परळीला एका बड्या माणसाची अशी भर सभेत शोभा केली होती. आज त्यांचा फोन आला, स्पीकरवर होता. बुवा म्हणत होते, "सर, मी तुमच्या तोंडाकडं बघून गातो." हे आपले, "हो हो, या या."



२ फेब्रुवारी

एक युक्ती सुचलीय. लग्न झालं तेव्हा यांनीच मला तीनताल शिकवला होता, भाकरी थापता थापता. हात अजून विसरलेला नाही. दारातल्या माझ्या जागेवरून मी यांना सरळ दिसते. गुडघ्यावर ठेका धरायचा आणि समेला तळवा पालथा टाकायचा, जरा मोठा.

जमीलभाई अंबाजोगाईहून आले होते. ते वाजवायला बसले तेव्हा करून बघितलं. यांची नजर फिरत फिरत माझ्या हातावर आली. पुढच्या समेला — "वा!" अगदी नेमकं!

यांना काही कळलेलं नाही. कळू द्यायचंही नाही.

जमीलभाई चपला घालता घालता म्हणाले, "वैनी, सर आज लई बरोबर हायेत."

६ फेब्रुवारी

इन्व्हर्टर बिघडलाय. दुरुस्तीवाला म्हणतो सोमवारी. बैठक रविवारी!

८ फेब्रुवारी

सतरंज्या झटकल्या. हे तानपुरा लावत होते. भोपळ्याला गाल टेकवून, डोळे मिटून, कितीतरी वेळ. पूर्वी तारेला नुसतं बोट लावलं की पुरायचं.

मी दारातूनच मागं फिरले. रडू आलं.

१० फेब्रुवारी, सकाळ

काल लिहायला हात चालेना.

खोली गच्च भरलेली. बुवा खरंच यांच्या तोंडाकडं बघत गात होते. विलंबितात सम लवकर येते का! मोजता मोजता माझी पाठ घामानं भिजली. पण हात टाकला की यांचं "वा!" आणि बुवांचं हसू. पुन्हा हात, पुन्हा "वा!" मला वाटलं, निभावलं!

द्रुत सुरू झालं आणि लाइट गेली.

मिट्ट काळोख. माइक नव्हताच, त्यामुळं थांबायचं कारण नाही. बुवा गातच राहिले. "मोबाइल लावू नका रे, गाऊ द्या," मागून कुणीतरी दटावलं. सम आली. हे गप्प. म्हणून खोली गप्प. पुन्हा आली — कुणाचा श्वाससुद्धा नाही. बुवांनी तीच जागा परत घेतली, विचारल्यासारखी. परत काही नाही. त्यांचा आवाज आखडला. आता थांबणार, आता विचारणार, आणि उद्यापासून हे दार बंद —

"वा!"

कोण म्हणालं? मी! एवढ्या वर्षांत या दारातून माझा आवाज कधी त्या खोलीत गेला नव्हता. तो गेला, आणि नेमका समेवर! मग तबल्याकडून जमीलभाई, "क्या बात है वैनी!" आणि खोली अशी उसळली म्हणून सांगू! बुवांचा आवाज मोकळा झाला. भैरवी तर त्यांनी अंधाराकडं तोंड करून गायली, दाराच्या बाजूला.

लाइट आली तेव्हा लोक माझ्याकडं वळून वळून बघत होते. हेही बघत होते — माझ्या हाताकडं. तो तसाच गुडघ्यावर.

त्या खोलीत माझं "वा" सगळ्यांनी ऐकलं होतं. यांनी एकट्यांनी नाही.

११ फेब्रुवारी

सकाळी चहाला बसलो. हे बशीकडं बघत म्हणाले, "जमीलनं कानाशी येऊन सांगितलं. अंधारात दाद तू दिलीस."

मी मान हलवली.

"समेवरच?"

पुन्हा मान हलवली. आता बैठक बंद म्हणणार, म्हणून मी पदर घट्ट धरून बसले.

"मग पुढच्या महिन्यापासून समोर तू बस. मी दारात बसतो. फक्त हात असा ठेव," गुडघ्यावर तळवा पालथा टाकत म्हणाले, "मला दिसला पाहिजे."