डोळे भरायचा मान

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आठवतंय, आपल्या जूचंद्र गावच्या शाळेच्या हॉलमधलं दिवाळीचं रांगोळी प्रदर्शन, जमिनीवर रांगोळीने रेखलेली माणसांची चित्रं? तुमच्या मंडळात ज्याची त्याची पायरी ठरलेली. नवख्याने चाळणीने चित्रामागचा रंग भरायचा, मग कपडे, मग हात, काही वर्षांनी केस. चेहरा दोघांनाच आणि डोळे फक्त तुम्हाला. मी पाच वर्षं राखाडी रंग चाळतेय. एकदा तुम्ही चहाला बाहेर जाता आणि मी एका म्हातारीच्या चित्रातला डावा डोळा भरते. तुम्ही परत येता, वाकून बराच वेळ बघता आणि रुमालाने तो झटकून टाकता. "बरा झालाय, पन तुझा नंबर नाय आला अजून." डोळा बिघडला असता तर मला इतकं लागलं नसतं.

आता मी चाळिशीत ऑनलाइन गेम खेळते. हसाल तुम्ही. एकत्र खेळणाऱ्यांच्या टोळीला तिथे गिल्ड म्हणतात आणि आमच्या गिल्डची मी सहा वर्षं प्रमुख होते. नियम माझे, म्हणजे तुमचेच उचललेले. नवख्यांनी सामान गोळा करायचं, जुन्यांनी लढायचं, मोहीम मी आखायची. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला असलेला एक जण तीन वर्षं निमूट सामान आणत होता. एका रविवारी मला उशीर झाला, तर त्याने स्वतःच मोहीम आखली आणि सगळ्यांना घेऊन जिंकली. मी माईकवर सर्वांदेखत म्हटलं, "छान झालं, पण तुझा नंबर नव्हता," आणि त्याला सगळ्यात खालच्या पदावर नेऊन बसवलं.

"मॅडम, मग नंबर कधी येणार होता, ते तरी सांगा," तो म्हणाला. तो गेला आणि आठवडाभरात बाकीचेही गेले.

तुम्ही गेलात तेव्हा मंडळात डोळे भरणारं कोणी नव्हतं. त्या दिवाळीला प्रदर्शन झालं नाही, नंतरही नाही. कला त्यांच्याबरोबरच गेली, असं लोक म्हणाले, तेव्हा मला अभिमान वाटला होता. आता राग येतो. तुम्ही ती कुणाच्या हाती दिलीच नाहीत, बाबा. आणि मी तरी कुठे वेगळी निघाले?

त्या पॅकिंगवाल्याने आता नवं गिल्ड काढलंय. तिथे पदंच नाहीत. दर रविवारी चिठ्ठी काढतात, ज्याचं नाव निघेल त्याने पुढे व्हायचं, मग तो कालच आलेला का असेना. मी दुसऱ्याच नावाने तिथे शिरलेय, माईक बंद ठेवून सामान आणते. परवा चिठ्ठी माझी निघाली. "घाबरू नका, इथे चुकलं तरी चालतं," तो म्हणाला. पुढे व्हायचं तर बोलावं लागणार, आणि माझा आवाज त्याने लगेच ओळखला असता. माफी मागायची हीच वेळ होती, हे मला कळत होतं. मी 'लाइट गेली' असं लिहिलं आणि बाहेर पडले.

लाइट गेली नव्हती, बाबा.