परत पाठवलेल्या चपला

॥ ॐ नमः शिवाय ॥

वालूर, ता. सेलू
१८ नोव्हेंबर २०२४

चि. शंभुराज,

आशीर्वाद. आम्ही इकडं खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तू माझा फोन उचलत नाहीस. दोन वर्षांत मीही फार वेळा लावला नाही, ते खरं. तुझा पुण्याचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला.

दुकान चालू आहे. कापसाची दुसरी वेचणी झाली. थंडीनं तुझ्या आईचे गुडघे धरतात. तुझी बहीण महेश्वरी गेल्या मंगळवारी पाथरीहून घरी आली. सणाला नाही. कायमची.

ती कशी आली ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र.

लग्न ठरताना तू म्हणाला होतास, "मुलगा महिन्यातले वीस दिवस संभाजीनगरला काय करतो ते आधी विचारा." मी चार पाहुण्यांदेखत तुझ्या थोबाडीत मारली. पुढं पहिल्या पंचमीला महेश्वरी आली, तेव्हा ती स्वयंपाकघरात आईला तसलंच काही सांगायला लागली. मी ओसरीवरूनच ओरडलो, "सासरच्या गोष्टी ह्या घरात आणायच्या न्हाईत." ती गप्प झाली. मला वाटलं, संसाराला लागली.

यंदा पोळ्यानंतर तिचा फोन बंद लागायला लागला. सासूच्या फोनवर लावला की "मी मजेत हाय अप्पा" एवढंच म्हणायची. शेजारी कुणीतरी बसलेलं आहे, हे कळायचं.

आश्रुबाची जीप आठवड्यातून दोनदा पाथरीला जाते. तुझी आई त्याच्याजवळ डबा द्यायची आणि सासू महेश्वरीच्या हातूनच त्यात काहीबाही भरून परत पाठवायची. दसऱ्याला डबा गव्हानं भरून आला. गहू ओतले, तर तळाशी एक कुलूप. लावलेलं, चावी नाही.

"अवो, लेकराला कोंडलंय त्यांनी," तुझी आई म्हणाली.

"चुकून पडलं असंल," मी म्हणालो आणि दुकानात जाऊन बसलो.

दिवाळीला न्यायला येऊ नका, असा त्यांचा निरोप आला. मग आश्रुबानं एका पिशवीत तिच्या चपला आणून दिल्या. म्हणाला, "वालूरात शिवून आणा म्हणली. सासू समोरच हुती, तीबी न्या म्हणली." मी चपला उलटसुलट करून बघितल्या. धड होत्या. एक टाका उसवलेला नव्हता.

आता जे लिहायचं आहे, ते सकाळपासून टाळतोय. शंभू, मला कळलं होतं. चपला हातात घेतल्या त्याच क्षणी कळलं, की पोरीला घरी यायचं आहे. पण पेठेत लोक काय म्हणतील, तेच डोक्यात आलं. आणि तुझं म्हणणं खरं ठरेल, हेही आलं. मी चपला पुसल्या, कागदात बांधल्या आणि दुसऱ्या फेरीला आश्रुबाजवळ परत दिल्या. तुझ्या आईला सांगितलं, शिवून पाठवल्या. महेश्वरीला मात्र माझं उत्तर बरोबर पोचलं.

गेल्या मंगळवारी सकाळी ज्वारीच्या पिठाचा डबा आला. पीठ काढताना तुझ्या आईच्या हाताला रुमालाची गाठ लागली. आत महेश्वरीचं इष्टलिंग होतं. आपल्या लिंगायतांत जिवंत माणूस ते गळ्यातून काढत नाही, हे तुला सांगायला नको. तुझी आई ओरडली नाही. "जा," एवढंच म्हणाली.

आश्रुबाचीच जीप घेतली. व्याही परमेश्वरअप्पा ओसरीतच होते. विहीणबाई म्हणाल्या, "तिला ताप हाय. झोपायलीय." चहा पुढं केला. मी कप घेतला नाही. आतल्या खोलीला बाहेरून कुलूप दिसत होतं.

"झोपलेल्या माणसाला कुलूप कशाला?"

"घरातल्या गोष्टी आहेत, व्याही," परमेश्वरअप्पा म्हणाले. "चव्हाट्यावर आणल्या तर तुमचीच बेइज्जती."

माझंच बोलणं मला ऐकू आलं. मी खिशातून रुमाल काढून त्यांच्यापुढं उघडला. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडं गेला. "चावी दे," ते बायकोला म्हणाले.

"न्हाई देत. बाहेर गेली की गावभर सांगंल ती."

तेवढ्यात आश्रुबा उंबऱ्यात येऊन उभा राहिला, हातात फोन. "अप्पा, पोलिसाला लावू का?"

बाईंनी कमरेची चावी काढून फरशीवर टाकली.

दार उघडलं तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. निम्मी झाली आहे. मला बघून रडली नाही, अप्पा म्हणाली नाही. माझ्या हातातून रुमाल घेतला, लिंग कपाळाला लावलं आणि स्वतःच गळ्यात बांधलं. मी मदतीला हात पुढं केला, तर मागं सरली. अनवाणीच जीपमध्ये जाऊन बसली.

तुझ्या आईला तिनं सगळं सांगितलं. जावयाची संभाजीनगरला दुसरी बायको आहे, तीन वर्षांची मुलगी आहे. महेश्वरीला फोटो सापडला, तिनं विचारलं. त्या दिवसापासून फोन काढून घेतला आणि दाराला कुलूप. घरातली कामं करायला तेवढी बाहेर काढायचे, तीही सासूच्या नजरेखाली.

माझ्याशी ती सहा दिवसांत एक शब्द बोललेली नाही. माझं ताट वाढते, समोर ठेवते, जाते. मी ऐकायला नकार दिला होता, आता तिनं बोलायला दिला. चपलांचं मी तुझ्या आईला आज सांगणार आहे. ती काय करील ते करो.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी पाथरीला पोलीस ठाण्यात जबाब द्यायचा आहे. काल ती आईला म्हणाली, आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "अप्पा सोबत नकोत. दादा आला तरच जाईन."

ती तुझी वाट बघायलीय, शंभू. आदल्या दिवशी, बुधवारी रात्रीपर्यंत पोच. मी दुकानात झोपेन. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. तिला मात्र सगळं बोलू दे, मधे थांबवू नकोस.

मन्मथअप्पा